९११ का नाही?

‘पोर्शेच घ्यायची होती, तर ९११ का नाही घेतलीत?’ पुण्याहून आलेले पाहुणे आमच्या गॅरेजपाशी हमखास हे विचारतात. ९११ म्हणजे पोर्शेची सगळ्यात गाजलेली स्पोर्ट्स कार. इथले जर्मन ओळखीचे आणखी स्पष्ट बोलतात: ‘ही खरी पोर्शे नव्हे, माहीत आहे ना?’

माझी गाडी १९८१ ची पोर्शे ९२४. मी जर्मनीत हाइलब्रोनला राहतो आणि ती जिथे तयार झाली ते नेकार्सुल्म अगदी शेजारी आहे. माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

९२४ मुळात पोर्शेने फोक्सवॅगनसाठी आखली होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर फोक्सवॅगनने अंग काढून घेतलं. त्याच काळात फोक्सवॅगन समूहातल्या ऑडीचा नेकार्सुल्मचा कारखाना बंद करायचं घाटत होतं. एप्रिल १९७५ मध्ये तिथले हजारो कामगार मोर्चा काढून हाइलब्रोनपर्यंत चालत आले. पुढे पोर्शेने आपणच आखलेली गाडी विकत घेतली, ती नेकार्सुल्ममध्ये बांधायचं ठरलं आणि वर्षअखेरीस काम सुरू झालं. कारखाना तगला, त्यात या गाडीचा वाटा आहे. आमच्या गल्लीतले एक आजोबा त्या मोर्चात चालले होते. त्यांच्यासमोर या गाडीला कुणी ‘नकली’ म्हटलं, की मला मनापासून वाईट वाटतं.

लोकांना खुपतात ते सुटे भाग. इंजिन ऑडीच्या घरातलं, दोन लिटरचं, १२५ अश्वशक्तीचं. त्याचं भावंड फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्येही होतं. पुढचं सस्पेन्शन बीटलच्या वळणाचं. हे सगळं खरं आहे. पण त्या भागांची मांडणी कशी केलीय ते बघा! इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, आणि दोघांना घट्ट बांधणारी एक लांब नळी, जिच्या आत बोटभर जाडीचा दांडा फिरतो. त्यामुळे वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं विभागलं जातं.

लोवेनस्टाइनच्या टेकड्यांत एकामागून एक वळणं लागतात, तिथे हे अंगाला कळतं. गाडी नाक खाली घालत नाही, शेपूट झटकत नाही. स्टिअरिंगला पॉवर नाही, म्हणून रस्त्याचा प्रत्येक खडबडीत तुकडा तळहातावर येतो. १२५ अश्वशक्ती आज घरगुती गाडीतही मिळते. असा तोल मात्र मला तरी दुसऱ्या कुठल्या गाडीत सापडला नाही. १९८० साली फ्रान्समध्ये ले मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ९२४ वरून घडवलेल्या तीन गाड्या उतरल्या होत्या. तिन्ही शेवटपर्यंत टिकल्या, त्यांतली एक सहावी आली. एवढं असूनही ‘खरी नव्हे’ हा शिक्का पुसला गेला नाही.

पुढे हिला मान मिळेल असं मला वाटतं ते याच शिक्क्यामुळे. लाखाहून जास्त ९२४ बांधल्या गेल्या, म्हणून त्या स्वस्त राहिल्या, आणि स्वस्त गाडी कुणी जपत नाही. तिसऱ्या-चौथ्या मालकाने सर्व्हिसिंग टाळलं, पाचव्याने भंगारात दिली. ९११ मात्र पांघरुणाखाली सांभाळल्या गेल्या. आता धड अवस्थेतली ९२४ शोधायला मला दीड वर्ष लागलं. नफ्यासाठी घेणार असाल तर घेऊ नका. दुरुस्तीतच सगळं जाईल. चालवायला घेणार असाल तर लवकर घ्या. जास्त जोर हवा असेल तर पोर्शेच्याच नंतरच्या ९४४ चं अडीच लिटरचं इंजिन बसवलेली ९२४ एस शोधा, पण तिचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह ठरल्या क्षणी हलवणारा पट्टा, वेळच्या वेळी बदला. तो तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात.

आणि बघायला जाल तेव्हा रंगावर भाळू नका. माझ्या गाडीत पहिल्याच पावसाळी आठवड्यात शेजारच्या सीटखालचा गालिचा भिजला. मी काचेची रबरं तपासत बसलो होतो. आजोबा आले, बॉनेट उघडायला लावलं आणि म्हणाले, ‘आधी बॅटरी उचल.’ खालचा पत्रा ॲसिडने खाऊन बोटभर भोक पडलं होतं, पाणी तिथूनच आत येत होतं.