आतले टाके उसवतील का?

“मॅडम, पहिलं सिझर आहे, आता परत दिवस गेलेत. आतले टाके उसवणार नाहीत ना?”

तालुक्याच्या गावी बाळंतपणं करते मी. एवढ्या वर्षांत हा प्रश्न जितक्या वेळा ऐकला तितका दुसरा कुठलाच नाही. कधी ती स्वतः विचारते, कधी सासूबाई, कधी नवरा तिला बाहेर बसवून हळूच आत येतो. साहजिकच आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार बाळंतपणांपैकी एक सिझरचं निघालं. म्हणजे गर्भपिशवीवर व्रण घेऊन दुसऱ्यांदा आई होणाऱ्या बायका आता घरोघरी आहेत. ओपीडीत बाहेर रांग असते, त्यामुळे उत्तर दोन वाक्यांत उरकावं लागतं, आणि ते दोन वाक्यांत मावत नाही. म्हणून आज इथे सविस्तर सांगते.

पिशवीला घातलेला दोरा काही महिन्यांत विरघळून जातो. पुढच्या खेपेला आत असतो तो भरून आलेला व्रण. तो किती ताण सोसेल हे मुख्यतः छेद कुठे आणि कसा घेतला होता यावर ठरतं. हल्ली बहुतेक सिझरमध्ये पिशवीच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेतात. असं एकच सिझर झालेल्या बाईला पुढच्या वेळी कळा येऊ दिल्या, तर व्रण फाटण्याचं प्रमाण २००त साधारण १ असतं. वरच्या जाड भागावर उभा छेद असेल तर ते कितीतरी पटींनी वाढतं. अशा बाईला कळांची वाट बघू द्यायचीच नसते.

“एकदा सिझर की कायम सिझर” हे आजही गावोगावी ऐकू येतं. न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन या डॉक्टरांनी हे १९१६ साली लिहिलं, तेव्हा उभ्या छेदाचा जमाना होता आणि त्यांचं सांगणं त्या काळाला धरून होतं. ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या आडव्या छेदाचा आग्रह धरला तो त्यानंतर, १९२०च्या दशकात. आज एका सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या चारपैकी साधारण तीन बायकांचं बाळंतपण नॉर्मल होतं. आधी एखादं नॉर्मल झालं असेल तर त्याहून जास्त जणींचं.

एक गोष्ट मात्र पोटाकडे बघून कळत नाही. कातडीवरचा छेद आडवा आहे म्हणून आतला आडवाच असेल असं नाही. सातव्या महिन्यात घाईने सिझर करावं लागलं असेल, बाळ आडवं असेल, तर आत वेगळा छेद घ्यावा लागलेला असू शकतो. ते लिहिलेलं असतं डिस्चार्ज कार्डावर. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, कार्ड माहेरच्या कपाटात राहतं, दुसऱ्या वेळी बाई सासरच्या गावातल्या दवाखान्यात येते. विचारलं तर “बाळाचे ठोके कमी झाले म्हणून केलं” एवढंच तिला माहीत असतं. मला खरोखर कळवळून सांगावंसं वाटतं: तो कागद सोन्याच्या डब्यात ठेवा. सिझर का केलं, छेद कोणता होता, तो वाढवावा लागला का, नंतर ताप किंवा पू झाला का, या चार ओळींवर पुढचा सगळा निर्णय उभा असतो.

आता २००त १ हा आकडा ऐकून काही जणी निर्धास्त होतात. त्यांना मी विचारते, कळा कुठे देणार आहात? व्रण फाटला तर बाळाकडे फार थोडी मिनिटं असतात. बहुतेकदा पहिली खूण बाळाच्या ठोक्यांत दिसते. मग दोन कळांच्या मध्येही न थांबणारं दुखणं, खालून रक्त, आईची नाडी धावणं, लघवीत रक्त, आणि चालू असलेल्या कळा एकदम बंद पडणं. तेव्हा थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त त्याच इमारतीत हवं. माझ्या छोट्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ फोन केल्यावर शेजारच्या गावातून येतात. म्हणून मी इथे सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करत नाही. ज्यांची इच्छा आहे आणि ज्यांचा व्रण तसा आहे त्यांना मोठ्या ठिकाणी वेळेआधी पाठवते. काही घरं यावर नाराज होतात. होऊ देत.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘व्रणाची जाडी २ मिमी’ वाचून रडत आलेल्या मुलीही पाहिल्या आहेत. त्या आकड्याला सर्वमान्य अशी सीमारेषा नाही. मोजणाऱ्यागणिक, मूत्राशय किती भरलंय त्यानुसार तो बदलतो. एकट्या त्या आकड्यावर कुणी घाबरू नये आणि कुणी घाबरवूही नये.

मला स्वतःला ज्याची जास्त धास्ती वाटते, ते कुणी विचारतच नाही: वार (प्लासेंटा) कुठे आहे?

एरवी पिशवीचं अस्तर वारेला आणि स्नायूला वेगळं ठेवतं, म्हणून बाळ झाल्यावर वार सुटून येते. व्रणाच्या जागी हे अस्तर विरळ असतं. वार नेमकी तिथे रुजली तर ती स्नायूत मुळं धरते, कधी पार मूत्राशयापर्यंत जाते. मग ती सुटत नाही, आणि ओढून काढायला गेलं तर रक्त थांबत नाही. दिवस भरत आले की पिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं, यावरून अंदाज करा. अमेरिकेतल्या सुमारे ३० हजार सिझरचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. वार पिशवीच्या तोंडावर आलेल्या बायकांमध्ये, आधी एक सिझर असेल तर ती अशी चिकटण्याचं प्रमाण ११ टक्के, दोन असतील तर ४०, तीन असतील तर ६१. ही चढण बघितली की तिसरं, चौथं मूल ठरवताना घरातल्या सगळ्यांनी एकदा शांतपणे बसायला हवं असं मला वाटतं. त्यातही निर्णय तिचा. शरीर तिचं आहे.

दोन सिझर झालेली एक बाई पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला आली होती. वार खाली, पुढच्या बाजूला, बरोबर व्रणावर. दुखत नव्हतं, रक्त नव्हतं, तिला वाटत होतं सगळं छान आहे. तिला मेडिकल कॉलेजला पाठवलं. तिथे परत सोनोग्राफी, एमआरआय, रक्ताच्या पिशव्यांची सोय आणि नववा महिना पुरा व्हायच्या आत ठरवून ऑपरेशन झालं. बाळ काढलं, वार तशीच ठेवून पिशवीच काढली. पिशवी गेल्याचं तिला दुःख झालं, ते खरंच होतं. पण ती घरी गेली, बाळ घेऊन. हेच रात्री दोन वाजता अवचित रक्त सुरू होऊन उघडकीला आलं असतं तर काय, हा विचार मी अजूनही टाळते. पाचव्या महिन्यात खाली असलेली वार पुष्कळदा नंतर वर सरकते, त्यामुळे रिपोर्टमध्ये तसं आलं म्हणून लगेच धीर सोडू नका. पण मागचं सिझर असेल तर ३२व्या आठवड्याच्या सुमारास परत बघून घ्याच.

क्वचित गर्भच व्रणाच्या खाचेत रुजतो. साधारण २००० गरोदरपणांत एकदा. अशा वेळी पाळी चुकल्यावर मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या आणून घरीच घेतल्या तर प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो. मूल नको असणं हा गुन्हा नाही, कुणाला लाजायचं कारण नाही, पण सिझर झालेल्या बाईने सोनोग्राफीत गर्भ कुठे आहे ते बघितल्याशिवाय ती गोळी तोंडात घालू नये. मूल हवं असलं तरी सहाव्या-सातव्या आठवड्यात एकदा बघून घ्यावं.

अंतराचं विचाराल तर बाळंतपणानंतर दोन वर्षं तरी दिवस जाऊ देऊ नका. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असलं की व्रण फाटण्याचा धोका वाढतो. सिझरच्या टेबलावरच तांबी बसवता येते, सरकारी दवाखान्यात फुकट. आधीच्या तपासणीत विचारून ठेवा, म्हणजे त्या घाईत ठरवावं लागत नाही.

आणि व्रण असताना रात्री-अपरात्री पोट दुखायला लागलं किंवा रक्त दिसलं, तर १०८ला फोन लावताना पहिलं वाक्य हे असू द्या: “मागचं सिझर आहे.” थिएटर आणि रक्त असलेल्या ठिकाणीच न्यायला सांगा. घरच्या कुणालातरी हे आजच सांगून ठेवा, कारण त्या वेळी फोन बहुधा तुमच्या हातात नसेल.