डांग्या खोकला आणि कार्डावरचा रिकामा रकाना

डांग्या खोकला हा शब्द मी फक्त आजीच्या तोंडून ऐकलेला, त्यामुळे असलं काही आता कुठे होतं असंच डोक्यात होतं.

गोष्ट २०२४ ची. लेक साडेपाच वर्षांचा. सुरुवात अगदी साधी, नाक गळतंय, शिंका, थोडा खोकला, ताप जवळजवळ नाहीच. आठवडाभर मी काहीच केलं नाही, शाळेतही पाठवला (आणि हाच आठवडा सगळ्यात जास्त पसरवायचा असतो म्हणे). मग नाक बरं झालं आणि खोकला वाढला. म्हणजे दिवसा पोरगं एकदम टकाटक, खेळतंय, जेवतंय, आणि रात्री झोपेतून उठून जी ढास लागायची ती थांबायचीच नाही, एका दमात दहा-पंधरा वेळा खोकायचा, मध्ये श्वास घ्यायलाच मिळायचा नाही, चेहरा लालबुंद, डोळ्यांतून पाणी, शेवटी श्वास आत ओढताना घशातून हूऽऽप असा आवाज, मग उलटी, आणि दोन मिनिटांत परत गाढ झोपलेला. आम्ही दोघं मात्र जागे.

डॉक्टरांकडे नेलं तर तिथे पठ्ठ्या एकदाही खोकला नाही. छाती क्लिअर आहे, व्हायरल असेल, सिरप द्या. सिरपने शून्य फरक. पण छाती खरंच क्लिअर होती, दोन ढासांच्या मधल्या वेळात या मुलांना तपासलं तर काही सापडतच नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री नवऱ्याने व्हिडिओ काढला. मी चिडलेच त्याच्यावर, पोरगं गुदमरतंय आणि हा मोबाईल धरून उभा. पण त्या व्हिडिओनेच काम झालं. दुसऱ्या डॉक्टरांनी तो हूप ऐकला, मोबाईल बाजूला ठेवला आणि दोनच प्रश्न विचारले, लसीचं कार्ड आणलंय का, आणि घरात तान्हं बाळ आहे का.

दोन्हीची उत्तरं द्यायला जीभ रेटेना. कार्डावर पहिले तीन डोस नीट होते, पण दीड वर्षाचा रकाना रिकामा. २०२० चं वर्ष होतं, बाहेर पडायची भीती, लॉकडाऊन संपला की देऊ म्हटलं आणि राहूनच गेलं, त्यात पाच वर्षांचा बूस्टरही लांबलेला. आणि बाळ होतं, जाऊबाईंची मुलगी, पाच आठवड्यांची, म्हणजे तिचा पहिला डोसही व्हायचा होता. लेक रोज तिच्या पाळण्यात डोकं घालून बसायचा.

नाकातून खोलवर स्वॅब घेतला, रक्तही घेतलं, त्यात लिम्फोसाइट्स (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) खूप वाढलेले. स्वॅबची पीसीआर डांग्या खोकल्यासाठी पॉझिटिव्ह. अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स सुरू झाला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की इतक्या उशिरा खोकला याने फारसा कमी होणार नाही, हे औषध दुसऱ्यांना लागण होऊ नये म्हणून. पाच दिवस पूर्ण होईपर्यंत शाळा बंद. घरातल्या सगळ्यांनाही तेच औषध, बाळालासुद्धा. बाळ जोरात उलट्या करायला लागलं तर लगेच आणा, तान्ह्यांना या औषधाने क्वचित जठराच्या तोंडाशी अडथळा होतो असंही सांगितलं. आणि एवढी लहान बाळं हूप करतातच असं नाही, कधी कधी खोकतही नाहीत, नुसता श्वास थांबतो, निळी पडतात. त्या रात्रीपासून जाऊबाई, दीर आणि मी पाळी लावून जागलो.

जागरणात गूगल केलं आणि नको ते वाचलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये १४ हजारांवर केसेस आणि ११ तान्ही बाळं गेली. आणि २०२१ मध्ये जगभरात अडीच कोटी मुलांचा ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात अशी तिन्हींची लस) एखादा तरी डोस चुकलेला. माझा एक रिकामा रकाना त्यातलाच म्हणायचा, फक्त माझा वर्षभर आधीचा. लॉकडाऊनमध्ये हा आजारही दबला होता, सगळे परत एकत्र आले आणि तोही आला.

आणखी एक. लेकाच्या आधी महिनाभर खोकत मीच होते. मोठ्यांना हा नुसता चिवट खोकला म्हणून होतो, लहानपणच्या लसीचा जोर काही वर्षांत ओसरतो. आता सिद्ध होणार नाही, पण मला माहितीये.

बाळाला काही झालं नाही. जाऊबाईंनी गरोदरपणात सातव्या महिन्यात टीडॅपचं (याच तीन आजारांवरची मोठ्यांची लस) इंजेक्शन घेतलं होतं, आईची प्रतिकारशक्ती बाळाला मिळावी म्हणून देतात ते. तेव्हा मी तिला म्हटलेलं, कशाला गं एवढी इंजेक्शनं, आमच्या वेळी नव्हतं असलं काही. तिने हा विषय एकदाही काढला नाही, म्हणून जास्त लागतं.

लेकाचा खोकला पुरता जायला अडीच महिने लागले. मध्ये साधी सर्दी झाली तरी परत तीच ढास, आणि माझ्या पोटात गोळा. एकदा होऊन गेला तरी लस लागतेच म्हणाले, म्हणून राहिलेला डोस बरं झाल्यावर घेतला, मीही टीडॅप घेतलं. बाळाचा सहा आठवड्यांचा डोस मात्र ठरल्या दिवशीच झाला. कार्ड घेऊन मी सोबत गेले होते. रडली भरपूर, आणि त्या दिवशी तिचं ते रडणं ऐकत बसायला मला फार बरं वाटत होतं.