तुम्ही विचारलंत म्हणून: कोंबड्या भाजी खाऊन टाकत नाहीत का?

आमच्याकडे येणारा प्रत्येक जण आधी कोंबड्या बघतो, मग भाजीचे वाफे बघतो आणि मग हाच प्रश्न विचारतो, की अहो या कोंबड्या तुमची भाजी खाऊन टाकत नाहीत का. गेल्या रविवारी नणंदेच्या ऑफिसातले चौघं जण आले होते, चौघांनीही विचारलं, तेही वेगवेगळं. म्हणून म्हटलं आता एकदा सगळं नीट लिहूनच टाकते.

खातात. कोवळी मेथी तर इतक्या आवडीनं खातात की दहा मिनिटांत वाफा साफ, आणि जे खात नाहीत ते उकरतात, सकाळी लावलेलं वांग्याचं रोप दुपारी दोन फुटांवर मुळं वर करून पडलेलं असतं. पण कोंबड्या नसत्या तर माझी उन्हाळी भाजी आत्ता येते तशी कधीच आली नसती हेही तितकंच खरं आहे. वाफ्यात पाळी कोणाची, कोंबड्यांची की भाजीची, एवढंच सांभाळायचं असतं, आणि ती पाळी बदलायचा काळ म्हणजे संक्रांत ते पाडवा.

आमचं घर सिंहगड रोडनं खडकवासल्याच्या पुढे, डोणज्याच्या बाजूला. सगळी मिळून सहा गुंठे जागा, त्यातलं घर, अंगण, बोअर, पाण्याची टाकी सोडली तर भाजीला तीनेक गुंठे राहतात म्हणजे सव्वातीन हजार स्क्वेअर फूट धरा. मधे बांबूचं कुंपण आहे आणि त्याला एक छोटं फाटक. अलीकडे खुराडं आणि एक मोठा आंबा, पलीकडे वाफे. नऊ कोंबड्या, एक कोंबडा. सगळं त्या फाटकावर चालतं.

पुण्यात वसंत नसतोच, थंडी गेली की डायरेक्ट उन्हाळा, असं लोक म्हणतात. मला नाही पटत. फेब्रुवारीत पहाटे अजून शाल लागते आणि दुपारी बाराला स्वेटर कुठे काढून ठेवला ते आठवत नाही, सिंहगडाच्या वाटेला पांगारा लालभडक झालेला असतो, पानं एकही नाही नुसती फुलं, तांबट पक्षी दिवसभर टुक टुक टुक करत असतो आणि शेवग्याच्या फुलांवर मधमाश्यांची इतकी गर्दी की झाडाखाली उभं राहिलं तरी आवाज येतो. याला वसंत नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? फक्त तो छोटा असतो आणि त्यात कामं फार असतात.

तर जानेवारीच्या शेवटी मटार संपतो, फ्लॉवर-कोबीचे गड्डे काढून झालेले असतात, टोमॅटो वरून वाळायला लागतो. टोमॅटोची झाडं मी जमिनीलगत कापून बाजूला काढते कारण त्याचा पाला कोंबड्यांना चांगला नाही, बाकी काहीच उपटत नाही. फाटक उघडते. पहिल्या दिवशी सगळ्या दाराशीच घुटमळतात, विश्वास बसत नाही त्यांचा, मग काळी आत जाते आणि तिच्यामागे सगळी फौज.

काळीला काम करताना बघण्यासारखं असतं. दोनदा डाव्या पायानं माती मागे ओढते, दोनदा उजव्या, मग एक पाऊल मागे सरते, मान वाकडी करून एकाच डोळ्यानं खाली बघते आणि नेमकी टोच मारते. काय मिळतं तिला? टोमॅटोत भोकं पाडणारी ती घाटेअळी असते ना, ती मोठी झाली की झाडावरून खाली उतरते आणि मातीत दोन-तीन इंच आत कोष करते, तपकिरी चकचकीत, आपल्याला माती चाळून बघितली तरच दिसतो. त्यातूनच पतंग निघतात आणि उन्हाळ्यात भेंडीवर अंडी घालतात. काळी एका सकाळी असे किती कोष खाते ते मी मोजलेलं नाही पण ती बारा दिवस हेच करत असते आणि तिच्याबरोबर आणखी आठ जणी. फ्लॉवरच्या उरलेल्या पानांवरचा मावा जातो, तणाचं बी जातं, आणि चार-पाच इंच माती अशी भुसभुशीत होते की मला फक्त दाताळं फिरवायला लागतं.

आता एक गोष्ट मात्र मी फार काटेकोर पाळते. जे कच्चं खायचं, म्हणजे काकडी, कोथिंबीर, मुळा, ते ज्या वाफ्यात येणार त्यात कोंबड्या सोडतच नाही. ताज्या विष्ठेतून पोटाला बाधतील असे जंतू येऊ शकतात आणि आमच्याकडे दोन लहान मुलं आहेत जी काकडी वेलावरून तोडून तशीच खातात. कोंबड्यांच्या वाफ्यात दोडका, दुधी, कारलं, भेंडी, गवार, म्हणजे शिजवून खायचं तेच.

खताचंही तसंच. पहिल्या वर्षी मी खुराड्यातलं सगळं थेट वांग्याच्या बुडाशी घातलं, मला वाटलं शेणखतासारखंच हे. चौथ्या दिवशी पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी, तीस रोपांतली बावीस गेली. फार वाईट वाटलं होतं तेव्हा, रोपं मी स्वतः बियांपासून केलेली. मागच्या वस्तीवरच्या मावशी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "ताई, ते गरम असतंय, निवल्याबिगर घालू नये." कोंबडीच्या विष्ठेत नत्र खूप, ते ताजं असताना मुळं जाळतं. तेव्हापासून खुराड्यात खाली वाळका पाला आणि भाताचं तूस टाकते, ते भिजलं की खड्ड्यात जातं आणि तिथे नीट कुजल्यावरच बाहेर येतं. फेब्रुवारीत मी जे घालते ते दिवाळीच्या आसपास काढलेलं असतं, हातात घेतलं तर काळं, मोकळं, पावसातल्या मातीसारखा वास.

महाशिवरात्रीच्या सुमाराला फाटक बंद. त्याआधी पेरायची मला कधी घाई होत नाही, कारण भेंडीला थंड माती चालत नाही, बी नुसतं पडून राहतं आणि कुजतं. भेंडी रात्रभर भिजवून लावते. परभणी क्रांती आहे माझ्याकडे, पिवळ्या शिरांचा रोग तिच्यावर कमी येतो, आणि आपल्या परभणीच्या विद्यापीठानं काढलेली म्हणून जरा जास्तच प्रेम. कारल्याचं बी टणक, त्याचं टोक नेलकटरनं जरासं उडवते मग भिजवते. दोडका आणि दुधी मांडवावर, भेंडी-गवार सरीवर, आणि खाली पाल्याचं जाड आच्छादन, नाहीतर मार्चच्या उन्हात माती दुपारपर्यंत कोरडी ठणठणीत.

आणि नेमकं याच वेळी, फाटक बंद झालं की आठ-दहा दिवसांत, आमची तांबडी कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते. दर वर्षी. यालाही कारण आहे, डिसेंबरात पुण्यात दिवस जेमतेम ११ तासांचा असतो तो २१ मार्चपर्यंत १२ तासांवर येतो, आणि कोंबडीचं अंडी घालणं उजेडावर चालतं, उजेड वाढला की अंडी वाढतात. थंडीत नऊ जणींत मिळून दोन-तीन अंडी मिळायची तिथे फेब्रुवारीत सहा-सात यायला लागतात. आणि गावरान असली की त्यातलीच एखादी अंड्यांवर ठाण मांडते. जवळ गेलं की अंग फुगवते, घशातून खुड् खुड् करते, हात नेला तर टोच मारते.

काही लोक खुडूक घालवायला कोंबडी पाण्यात बुडवतात. मला ते अजिबात आवडत नाही. पिल्लं नको असतील तर तिला चार दिवस वेगळं, हवेशीर, तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ठेवा, होते ती आपोआप नॉर्मल. पण मला पिल्लं हवी असतात. मग आठवडाभरातली ताजी, न धुतलेली अकरा अंडी रात्रीच्या अंधारात तिच्या पोटाखाली सरकवते, कारण तिच्या अंगाखाली अकराच नीट मावतात. सातव्या दिवशी रात्री टॉर्चवर एकेक अंडं धरून बघायचं. जिवंत असलं की आत एक गडद ठिपका आणि त्याच्यातून चारी बाजूंना लाल बारीक शिरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. माझी मुलगी पहिल्यांदा बघत होती तेव्हा श्वास रोखून उभी होती. यंदा दोन अंडी नुसतीच पिवळी, ती काढली. तांबडी दिवसातून एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटं, खाते, पाणी पिते, राखेत लोळते आणि धावत परत.

२१ व्या दिवशी सकाळी कान लावला तर अंड्यातून आवाज. तांबडीही खालून हळू बोलत होती, एरवी ती असला आवाज काढत नाही. एका अंड्याला हरभऱ्याएवढी चीर पडलेली आणि त्यातून चोचीचं टोक, टोकावर तो पांढरा बारीक दाणा ज्यानं पिल्लू टरफल फोडतं. तासभर तेवढंच. मग परत गप्प. हात शिवशिवतात अशा वेळी, पण मदत करायची नाही, आतल्या रक्तवाहिन्या सुकायच्या असतात आणि उरलेला बलक पोटात ओढून घ्यायचा असतो पिल्लाला, आपण घाईनं टरफल सोललं तर रक्त येतं. संध्याकाळपर्यंत आठ पिल्लं. नववं नाही निघालं.

याच्या पुढचं मला सगळ्यांना कळकळीनं सांगायचंय कारण तीन वर्षांपूर्वी मी अकरा पिल्लं घालवली आहेत. ती विकत आणलेली होती, विकणारा म्हणाला लस दिलीये, मी विश्वास ठेवला, आणि पाचव्या आठवड्यात मानमोडी आली. राणीखेत म्हणतात तोच हा रोग. हिरवट हगवण, माना पिरगळलेल्या, चार दिवसांत सगळी गेली. त्यावर औषध नाही, लसच. लासोटाची लस पहिल्या आठवड्यात, पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. अडचण अशी की छोट्यातली छोटी बाटली घेतली तरी ती शंभरेक पिल्लांची असते, एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवायची, आणि गार राहिली पाहिजे. आठ पिल्लांसाठी कोण आणणार? म्हणून आता आम्ही वस्तीवरची पाच घरं मिळून कोंबड्या एकाच आठवड्यात बसवतो. मी शहरातून बर्फाच्या थर्मासमध्ये बाटली आणते आणि सकाळी सातला सगळ्यांची पिल्लं मावशींच्या ओट्यावर, पाच टोपल्या शेजारी शेजारी. एक जण पिल्लू धरतो, मी थेंब टाकते, ते डोळा मिटतं, उघडतं, थेंब आत गेला की पुढचं. यंदा एक्केचाळीस पिल्लं झाली. पुढचे डोस कधी ते डॉक्टरांकडून कॅलेंडरवर लिहून घेतलंय.

पाडवा झाला आता. कडुनिंबाचा मोहोर गुढीला झाला, चटणीला झाला, अंगणात अजून सडा पडतोय. ऊन मात्र ३७ च्या पुढे जायला लागलंय. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडी ठेवून धापा टाकते आणि पंख अंगापासून लांब धरते, तसं दिसलं की समजायचं तिला त्रास होतोय. खुराड्याच्या पश्चिमेला ओलं गोणपाट, मातीच्या पसरट थाळ्यात दिवसातून तीनदा गार पाणी, आणि दाणे पहाटे आणि संध्याकाळीच, दुपारी नाही, कारण खाल्लेलं पचवतानाही अंगात उष्णता वाढते. या दिवसांत अंड्यांची टरफलं पातळ झाली तर घाबरू नका, धापा टाकून टाकून रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि टरफल तयार व्हायला तोच लागतो. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवते, ज्या अंडी घालतायत त्या आपणहून खातात.

फाटक अजून बंदच आहे, वळीव पडून वेल उतरेपर्यंत ते उघडणार नाही. दोडक्याला काल पहिली पाच फळं आली. काकडीवर मात्र तांबडे भुंगे आलेत. ते मी सकाळी साडेसहाला वेचते, तेव्हा गारव्यानं सुस्त असतात, उडत नाहीत, बोटानं टिचकी मारली की थोडं पाणी घातलेल्या पत्र्याच्या डब्यात टप टप पडतात. तो आवाज कोंबड्यांना पाठ झालाय, मी अजून दुसऱ्या वेलावर असते तोवर कुंपणापलीकडे सगळ्या हजर, आणि या दोन दिवसांत बघतीये, तांबडीची पिल्लंपण तिच्या पायातून वाट काढत फाटकाच्या फटीशी येऊन उभी राहतात.