ग्रिनिचची रेघ आणि बाबांचा ओळंबा

पंधरा वर्षांच्या मुलाला रविवारी सकाळी अंथरुणातून काढणं आणि विहिरीत बुडालेली घागर काढणं, दोन्हींना गळच लागतो. यावेळी माझा गळ होता ग्रिनिच. लंडनच्या वायव्येला हॅरोत आठ वर्षं राहूनही आम्ही तिकडे फिरकलो नव्हतो. देशातून पाहुणे आले की दाखवू, म्हणून राखून ठेवलेलं. "एक रेघ बघायला दीड तास ट्रेन?" असं म्हणत चिरंजीव निघाले.

वेधशाळेच्या अंगणात ती शून्य रेखांशाची रेघ आहे. एक पाय पूर्व गोलार्धात, एक पश्चिमेत, आणि फोटोसाठी ही रांग. आमच्या महाशयांनी रांगेत उभ्याउभ्या फोनवर रेखांश पाहिला आणि त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून बोलले, "आई, ही रेघ चुकलीय." फोन पाचेक सेकंद पश्चिम दाखवत होता. (हे सेकंद कोनाचे.) मग काय, फोटो राहिला बाजूला, आम्ही शून्य शोधत बागेतून पूर्वेकडे चालायला लागलो. ते सापडलं रेघेपासून शंभरेक मीटरवर, एका साध्या पायवाटेपाशी. ना पाटी, ना रांग.

खरं अंतर १०२ मीटर, आणि कारण मलाही ठाऊक नव्हतं. तिथल्याच बाकावर बसून दोघांनी वाचलं. रेघ आखली गेली ती एअरी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाच्या १८५१ सालच्या दुर्बिणीवरून; १८८४ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत तीच जगाची मूळ रेघ ठरली. दुर्बीण सरळ लावली होती तिथल्या गुरुत्वाकर्षणाच्या दिशेनं, म्हणजे ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावल्यासारखी. पण जमिनीखालचं वस्तुमान सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे ओळंबा केसभर कलतो. उपग्रह, आणि त्यांच्यावरून आपला फोन, मोजतात ते पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रापासून; म्हणून दोन शून्यं वेगळी.

ओळंबा म्हटल्यावर साताऱ्याला फोन लावणं आलंच. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पितळी ओळंबा अजून त्यांच्या कपाटात आहे. त्यांनी नातवाला वेगळंच सांगितलं : देशाची प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईनं आपली वेळ बरीच वर्षं सोडली नव्हती. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे आताच्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागे.

"मग साताऱ्याची खरी वेळ काय, आजोबा?"

"मोजू की. शंकू रोव."

पद्धत आपल्याकडची जुनीच. काठी (हाच शंकू) उभी रोवायची, तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक ज्या क्षणी वर्तुळात शिरतं ती वेळ लिहायची, दुपारी बाहेर पडतं ती लिहायची. दोन्हींच्या मध्यावर खरी दुपार. दोन गावांच्या दुपारींत जितकी मिनिटं, त्यांना चारनं भागलं की रेखांशांतलं अंतर अंशांत. मार्चमध्ये विषुवदिनानंतरचा पहिला रविवार ठरला. (इथली घड्याळं तासभर पुढे जाण्याआधीचा, नाहीतर गोंधळात गोंधळ.) बाबांनी पलभेचंही सांगून टाकलं : विषुवदिनी भर दुपारी बारा अंगुळांच्या शंकूची सावली साताऱ्यात पावणेचार अंगुळांच्या आसपास, "तुमच्याकडे पंधरा पडेल, बिचाऱ्यांनो."

साताऱ्याच्या गच्चीवरून आकडे आले : १०.५२ ला आत, २.३० ला बाहेर. मध्य १२.४१, ग्रिनिचच्या हिशेबात सकाळचे ७.११. आमच्याकडे सकाळी १०.३० ला जमलं, पुढे मार्चातलं नेहमीचं आभाळ. एक वाजल्यापासून पोरगा हिरवळीवर पालथा पडून खडू घेऊन बसलेला, जेवायलाही येईना. सावली दिसायची, विरायची. १.३८ ला ऊन नेमकं वेळेवर पडलं आणि त्यानं अशी आरोळी ठोकली की शेजारच्या आजीबाई कुंपणावरून डोकावल्या.

मध्य १२.०४. फरक ४ तास ५३ मिनिटं, म्हणजे सव्वात्र्याहत्तर अंश. हॅरो ग्रिनिचच्या पश्चिमेला तिसरा हिस्सा अंश, तो वजा. त्यानं नकाशावर बोट ठेवलं आणि गडाबडा लोळायला लागला. आमच्या हिशेबानं आजोबा दाभोळ ओलांडून अरबी समुद्रात गच्ची बांधून बसले होते.

"चार मिनिटं खाल्लीत कुठेतरी," बाबा फोनवर म्हणाले. "काठी ओळंब्यात होती का?"

काठी मी रोवली होती. डोळ्यांना सरळ दिसली म्हणून सोडून दिली होती. लेकानं काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फोन कानाला लावून अगदी हळू सांगितलं, "आजोबा, आईनं रोवली."

दुसऱ्या दिवशी माझ्या शिवणाच्या डब्यातून दोऱ्याचं रीळ गायब होतं, आणि त्याच्या सायकलचा एक नटही.