गोधडीसाठी कापड नेमकं किती घ्यायचं? माझा अनुभव, हिशोबासकट

गोधडीला कापड किती लागतं असं दहा जणींना विचारा, दहा उत्तरं मिळतील. कोणी म्हणेल पाच मीटर आणा, कोणी म्हणेल घरातल्या जुन्या साड्या आहेत की, मोजायचं काय त्यात. आणि खरंच आहे, आमच्याकडे गोधडी म्हणजे असेल त्या कपड्यातून करायची वस्तू, तिच्यासाठी दुकानात जाऊन कापड मोजून घेणं ही सवयच नाही. पण मला या वेळी अर्धं विकतचं आणि अर्धं घरातलं असं करायचं होतं, भाचीला पुण्याला हॉस्टेलवर न्यायला, त्यामुळे मोजमाप करणं भागच होतं. ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत मला एका जागी कुठे मिळालं नव्हतं.

आम्ही मालवणजवळ राहतो. शेजारच्या काकींनी आयुष्यभर गोधड्या शिवल्यात, त्यामुळे पहिली त्यांच्याकडेच गेले. मी वहीत मीटर, सेंटीमीटर असं बरंच काय काय लिहून नेलं होतं, त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "गो बाय, मीटर ऱ्हवांदे. पन्हो केवढो हा? आदी पन्हो बघ, मगे काय ता मीटर सांग." म्हणजे मीटर राहू दे, आधी पन्हा, कापडाची रुंदी, किती ते बघ आणि मग मीटर सांग. मला विचाराल तर अख्खा हिशोब या एका वाक्यात आहे.

का ते सांगते. गोधडीचं माप आधी ठरवलं. हॉस्टेलचा कॉट ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे ३६ बाय ७२ इंच. दोन्ही बाजूंना १२-१२ इंच खाली यायला हवं आणि लांबीत पायाशी खोचायला, डोक्यावरून घ्यायला मिळून १८ इंच, म्हणजे ६० बाय ९०. आता सगळे जो हिशोब सांगतात तो असा, की ६० गुणिले ९० म्हणजे ५४०० चौरस इंच, कापडाचा पन्हा ४४ इंच, किनारी सोडून वापरायला ४२ मिळतो, ५४०० भागिले ४२ म्हणजे साधारण १२९ इंच, म्हणजे सव्वातीन मीटर. अख्खं कापड वर घालणार असाल तर ठीक. पण आपण चौकोन कापून जोडणार ना! ६ इंचाचा चौकोन दिसायला हवा तर चारी बाजूंनी पाव पाव इंच शिलाईत जातो, म्हणजे कापायचा साडेसहाचा. ६० बाय ९० ला असे १० गुणिले १५ म्हणजे १५० चौकोन लागतात. ४२ इंचात साडेसहाचे बसतात सहाच, उरलेले ३ इंच वाया. सहा-सहाच्या २५ पट्ट्या, प्रत्येक साडेसहा इंचाची, झाले एकशे साडेबासष्ट इंच, म्हणजे चार मीटरच्याही वर. सव्वातीन कुठे आणि चार कुठे, आणि नंतर परत दुकानात जाल तर तोच ताका (कापडाचा गठ्ठा) संपलेला असतो, दुसऱ्या ताक्याचा रंग एक छटा इकडे तिकडे असतोच.

मग मी उलटीकडून धरलं. पन्हा ४२ ना, तर ४२ ला पूर्ण भाग जाईल असा चौकोन घ्यायचा. ७ चा कापायचा, शिवून साडेसहाचा होतो, एका पट्टीत बरोब्बर सहा बसतात आणि काही वाया जात नाही. आडवे ९ आणि उभे १४ घेतले की गोधडी होते साडेअठ्ठावन्न बाय ९१. रुंदीत दीड इंच कमी झाली तर अंगावर घेणाऱ्याला कळतसुद्धा नाही. चौकोन १५० चे १२६ झाले, पट्ट्या २१, कापड १४७ इंच, म्हणजे पावणेचार मीटर. चाळीस सेंटीमीटर कापड वाचलं आणि चोवीस चौकोनांची शिवण वाचली ती वेगळीच. म्हणून मी सगळ्यांना सांगते, दुकानात जायच्या आधी चौकोनाचं माप पक्कं करू नका. तुमच्या कापडाला किनारी सोडून साडेएकेचाळीसच मिळत असतील तर ७ चा हट्ट धरू नका, पावणेसातचा कापा.

आता माझ्या गोधडीत सगळं एकच कापड नव्हतं. बुद्धिबळाच्या पटासारखं एक चौकोन गडद निळा प्लेन आणि एक रंगीत, असं करायचं होतं, आणि रंगीतसाठी कपाटात ओटीतले ब्लाउजपीस पडलेले. ते प्रत्येकीच्या घरात असतात, हळदीकुंकवाचे, लग्नातले, दुसऱ्याला द्यायचे म्हणून ठेवलेले आणि मग तसेच राहिलेले. त्यातले खरे सुती बाजूला काढले (धागा ओढून जाळून बघायचा, कागदासारखा जळून मऊ राख झाली की सुती, गोळी झाली की पॉलिस्टर). ते धुऊन, इस्त्री करून मोजले तर ३० इंच बाय साडेचौतीस. ७ चे चौकोन एका बाजूने चार, दुसऱ्या बाजूने चार, म्हणजे एका पीसमधून १६. मला रंगीत ६३ हवे होते, चार पीसमध्ये ६४ निघाले. रंग जास्त हवे असतील तर आठ पीस घ्या आणि प्रत्येकातून आठच कापा, बाकीचं पुढच्या गोधडीला.

पण एक आहे, साडेचौतीसातून २८ गेले की साडेसहा इंचाची लांब पट्टी उरते, चौकोनाला थोडक्यात कमी. जीव हळहळतो ती बघून. ती फेकायची नाही, गोट, म्हणजे कडेला लावायची पट्टी, तिथूनच काढायचा. अडीच इंचाच्या दोन पट्ट्या एका तुकड्यातून निघतात, चार पीसच्या आठ, प्रत्येकी ३० इंच, म्हणजे २४० इंच गोट फुकटात. गोधडीचा घेर काढा, साडेअठ्ठावन्न अधिक ९१ गुणिले दोन, २९९ इंच, त्यात कोपरे वळवायला आणि शेवटची गाठ जुळवायला १२ धरा. उरलेल्यासाठी निळ्यातून अडीच इंचाच्या तीन पट्ट्या घेतल्या, जोड तिरके घातले की प्रत्येक जोडाला कापड जातं म्हणून तीन. आणि सरळ कडांना उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लागत नाही हां, सरळ पट्टीचाच गोट चांगला बसतो, उरेब कापायला कापड उगाच जास्त जातं.

निळं कापड मग किती? ६३ चौकोन, सहाच्या ११ पट्ट्या, ७७ इंच, गोटाचे साडेसात, झाले साडेचौऱ्याऐंशी. पण हे धुतल्यानंतरचं माप! इथे मी खरंच सगळ्यांना हात जोडून सांगेन की सुती कापड न धुता कापू नका. दुकानातून आधी पाव मीटर आणलं त्याच ताक्यातलं, त्यावर बॉलपेनने ८ इंचाचा चौकोन आखला, दोरी बांधून खूण केली की उभा धागा कुठला, गरम पाण्यात रात्रभर ठेवून वाळवलं आणि परत मोजलं. उभ्या धाग्याकडून ८ चे पावणेआठच्याही आत आले होते, म्हणजे जवळजवळ ५ टक्के, आणि पन्ह्याकडून त्याच्या निम्मंसुद्धा नाही. सुती कापड बहुतेक वेळा असंच उभ्यात जास्त आटतं, कारण मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात आणि पाणी लागलं की ते सैल होतात. म्हणून लांबीत वाढ धरायची. साडेचौऱ्याऐंशी भागिले ०.९५ म्हणजे ८९ इंच, मीटरमध्ये २.२६. सव्वादोन घेतलं असतं तर एक सेंटीमीटरने अडलं असतं, म्हणून अडीच मीटर घेतलं. त्या पाव मीटरच्या तुकड्यात निळा रंग पाण्यात किती जातो तेही कळलं, पहिल्या दोन पाण्यांना गेला, तिसरं स्वच्छ. गडद निळा आणि लाल नेहमी वेगळे धुवा.

दुकानातल्या दादांना अजून एक सांगितलं, कात्रीने कापू नका, फाडून द्या. साधं सुती कापड आडव्या धाग्यात सरळ फाटतं. कात्रीने तिरकं कापलं गेलं तर सरळ करताना दीड-दोन इंच तिथेच जातात. ते हसले, पण दिलं फाडून.

आता पाठ. खरा मोठा खर्च पाठीचा असतो आणि त्याकडेच लक्ष कमी जातं. पाठ वरच्या थरापेक्षा चारी बाजूंनी ४-४ इंच मोठी लागते कारण टाके घालत गेलं की कापड आत ओढलं जातं, म्हणजे साडेसहासष्ट बाय ९९. आमच्या आजीची नऊवारी होती घरात, जुनी, हजार वेळा धुतलेली, आटायचं ते केव्हाच आटून झालेली. नऊ वार म्हणजे ३६ इंचाचा वार धरून ३२४ इंच, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या जवळ. त्यातून ९९ चे तीन तुकडे पडतात. पन्हा ४६ निघाला. काकींनी ती खळ्यात (अंगणात) पसरली, उन्हाकडे धरून कुठे विरली आहे ते बोटाने दाखवलं आणि मग सांगितलं कसं कापायचं. एक तुकडा अख्खा आणि त्याला दुसऱ्या तुकड्यातले साडेएकवीस इंच जोडले की पाठ झाली ६७ रुंद. दुसऱ्याचे उरलेले साडेचोवीस आणि तिसरा अख्खा जोडला की आतला एक थर झाला. म्हणजे एका नऊवारीत पाठही झाली आणि आतला थरही! विरलेला भाग आतल्या थरात टाकला, तो दिसत नाही आणि वरून टाके आले की धरून राहतो. हे मला कुठल्याच पुस्तकी हिशोबात सापडलं नसतं.

नऊवारी नसेल तर काय, तेही काढून ठेवलं. ४४ पन्ह्याचं कापड उभं लावलं तर ९९ चे दोन तुकडे, १९८ इंच, आटण्याचे धरून ५.३ मीटर. पण ५८ पन्ह्याचं कापड मिळालं तर ते आडवं लावा, साडेसहासष्टचे दोन तुकडे एकाखाली एक, १३३ इंच, आटण्यासकट साडेतीन मीटरच्या जरा वर. कापड फक्त फिरवल्याने पावणेदोन मीटर वाचतं. मीटरचा भाव थोडा जास्त असला तरी बहुतेक वेळा परवडतं, तिथल्या तिथे गुणाकार करून बघा. आणि ९० बाय १०० ची सुती डबल चादर असेल तर जोडाचीही गरज नाही.

आतल्या थराचं मात्र जागेप्रमाणे ठरवा. आमच्या इथे समुद्राच्या हवेत एक थर पुरे, त्याहून जाड गोधडी पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही आणि बुरशी धरते, वास जाता जात नाही. पुण्याला डिसेंबर-जानेवारीत थंडी पडते म्हणून भाचीच्या गोधडीत नऊवारीच्या थरावर एक जुनी सुती चादर घातली. रेडिमेड कापूस-फोम घातला नाही, हॉस्टेलला बादलीत धुवायची आहे तिला.

दोरा पण आधीच मोजून घेतला. एक-एक इंचावर धावदोरा घालायचा तर साधारण ५८ ओळी, प्रत्येक ९१ इंचाची, १३५ मीटर. कडेकडेने गोल फिरत आत गेलं तरी एवढंच येतं. टाका खाली-वर जातो, टोकं वाया जातात, ते धरून २०० मीटर घेतला आणि पुरला. अर्ध्या इंचावर घालणार असाल तर दुप्पट घ्या.

कापड मेमध्येच आणा, हे कोकणातल्यांसाठी खास. धुऊन वाळवायला तेव्हाच ऊन असतं, (सुकट वाळत घातली असेल त्या बाजूला नको!) आणि कापून ठेवलं की पावसात घरी बसून जोडता येतं. लावणी उरकली की श्रावणात दुपार मोकळी मिळते, आम्ही दोघी समोरासमोर बसून दोन्ही टोकांकडून टाके घातले आणि गणपतीच्या आधी झाली पुरी. शिवून झाल्यावर मोजली तर ५७ बाय ८९, म्हणजे टाक्यांनी लांबी-रुंदी दोन्हीकडे दीड-दोन इंच ओढलं गेलं, ते आधीच धरलेलं होतं. निळं कापड वीतभर उरलं, ब्लाउजपीसचा एक चौकोन.

आता बहीण म्हणतेय डबल बेडची कर. तिचा हिशोब करून ठेवलाय, तोच ७ चा चौकोन, १४ गुणिले १५ म्हणजे २१०, माप ९१ बाय साडेसत्त्याण्णव, ब्लाउजपीस ७ आणि प्लेन कापड गोट धरून चार मीटर. नऊवारीचे एकशे साडेपाच इंचाचे तीन तुकडे जेमतेम पडतात, पण पाठ ९९ रुंद लागणार म्हणजे दोन अख्खे तुकडे आणि तिसऱ्यातले ८ इंच पाठीतच जातील, उरलेल्या ३८ इंचात आतला थर होणार नाही, त्यासाठी दुसरी शोधावी लागेल. काकींकडे एक आहे म्हणाल्या.