मे महिन्यात कळसूबाई, आणि उतरतानाची गोष्ट

मागच्या रविवारी कळसूबाई करून आलो. सगळे म्हणत होते मे मध्ये कशाला, पावसात जा की, पण मला पावसातली ती शिडीवरची गर्दी नको होती आणि आईला नवस फेडायचा होता म्हणून तिच्या वतीने तरी जायचंच होतं.

रात्री शेवटच्या कसारा लोकलने गेलो, तिथून जीपने पायथ्याचं गाव बारी. जीपवाल्याशी आधीच फोनवर बोलून ठेवा, रात्री ऐन वेळी भाव वाढतो. बारीतून पावणेचारला हेडटॉर्च लावून निघालो. पहिला टप्पा गावाच्या शेतांमधून, मग देवीचं खालचं देऊळ, आणि तिथून खरा चढ. बारी ते माथा आठशे मीटरच्या वर चढ आहे, माथा 1646 मीटर, त्यामुळे पहिल्या तासातच दमून जाऊ नका, सावकाश चला. शिड्या मजबूत आहेत, रेलिंग आहे, अंधारात सुद्धा भीती वाटली नाही. सव्वासहाला वर पोचलो तर सूर्य नुकताच वर आलेला, गार वारा, आणि शेंदूर लावलेल्या देवीसमोर आम्ही चौघंच. नारळ फोडला, आईला व्हिडिओ कॉल लागला, ती तिकडे रडायलाच लागली. अलंग मदन कुलंग हे किल्ले एका रांगेत दिसले, खाली भंडारदऱ्याचं पाणी, लांबचं मात्र सगळं धुरकट. मे मध्ये हरिश्चंद्रगडापर्यंत स्वच्छ दिसेल अशी आशा ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट. आम्ही वर गप्पा मारत साडेनऊपर्यंत बसलो आणि तीच चूक झाली. उतरताना साडेदहाला शिड्यांपाशी आलो तेव्हा लोखंड असं तापलेलं की हात टेकवत नव्हता, रुमाल गुंडाळून धरत उतरलो. त्याखाली सगळा घसारा, कोरडी माती आणि बारीक खडे, पाय सरकतो. सावली जवळजवळ नाहीच. मित्राच्या पोटऱ्यांना गोळे आले, पाणी दर माणशी दोन लिटर आणलेलं ते केव्हाच संपलेलं. एका मावशींच्या टपरीवर लिंबूपाणी मिळालं, त्यांनी स्वतःहून त्यात मीठ जास्त घातलं आणि म्हणाल्या, "पोरा आधी बस, मग पैशाचं बघू." अर्धा तास त्याला तिथेच झोपवलं तेव्हा कुठे तो उठला. मावशींचे उपकार विसरणार नाही.

म्हणून जाणाऱ्यांना सांगतो, सातला नाहीतर फार तर साडेसातला माथा सोडाच. पाणी माणशी चार लिटर, त्यातल्या एका बाटलीत ओआरएस. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे पण उन्हाळ्यात तिच्या भरवशावर राहू नका. साधे सुती हातमोजे घ्या, वजन काहीच नाही पण शिडीवर जीव वाचतो. चांगल्या ग्रिपचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी. टपऱ्या शनिवार रविवारी असतात, मधल्या वारी सगळं खायचं स्वतःचं न्या. आणि सुटे पैसे ठेवा, वर रेंज कधी असते कधी नसते.

खाली गावात एक आजी पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं विकत होत्या, काळीभोर, गोड. दोन द्रोण घेतले. एक आईसाठी जपून आणला, लोकलमध्ये थोडी चेपली पण तिने सगळी खाल्ली.