कांदोळीच्या त्या भिंतीपाशी

गोव्यातल्या कांदोळीहून शिकेरीकडे जाणाऱ्या रस्त्याने मी कित्येक वर्षे ये-जा करीत आलो आहे. पण किंगफिशर व्हिला पाहायचाच असे ठरवून तिथे गेलो तो गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस. उंच भिंतीपलीकडचे माडांचे शेंडे तेवढे दिसत होते. किंगफिशर एअरलाइन्स या विमान कंपनीचे मालक विजय मल्ल्या यांच्या साठाव्या वाढदिवसाचा सोहळा डिसेंबर २०१५ मध्ये इथेच झाला होता आणि त्यानंतर अडीच महिन्यांनी, २ मार्च २०१६ रोजी, ते देश सोडून गेले.

त्यापुढचा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो. विमान कंपनीचे कर्ज थकल्यामुळे मे २०१६ मध्ये बँकांनी या घराचा ताबा घेतला. ऑक्टोबरमध्ये लिलावासाठी राखीव किंमत ८५.२९ कोटी रुपये ठेवली, तेव्हा कोणी पुढे आले नाही. डिसेंबरमध्ये ती ८१ कोटींवर आणि मार्च २०१७ मध्ये ७३ कोटींवर आणली, तरीही बोली लागली नाही. अखेर एप्रिलमध्ये ७३ कोटींहून किंचित अधिक रकमेला खाजगी वाटाघाटीने विक्री झाली आणि नव्या मालकाने घराचे नाव किंग्ज मॅन्शन असे ठेवले. आमच्याकडचे लोक मात्र पत्ता सांगताना अजून जुनेच नाव घेतात.

मुंबईला गेलो असता विलेपार्ल्याच्या विमानतळाजवळचे किंगफिशर हाऊसही रस्त्यावरून पाहून आलो. विमान कंपनीचे हे मुख्यालय मार्च २०१६ मध्ये १५० कोटींना लिलावात काढले होते. अनेक लिलाव वाया गेल्यावर २०२१ मध्ये ते सुमारे ५२ कोटींना गेले. बंगळुरूचे चित्र निराळे आहे. तिथे मल्ल्या यांच्या यूबी समूहाचे नाव असलेल्या यूबी सिटी या संकुलातली दुकाने गजबजलेली असतात, जवळच मल्ल्या कुटुंबाच्या जुन्या घराच्या जागी किंगफिशर टॉवर्स उभे आहेत आणि यूबी सिटीसमोरच्या रस्त्याला मल्ल्या यांचे वडील विठ्ठल मल्ल्या यांचे नाव आहे. तेव्हा केवळ मल्ल्या किंवा किंगफिशर या नावामुळे इमारत पडून राहते, असे म्हणता येणार नाही. जागा, कायद्याची गुंतागुंत आणि मागितलेली किंमत यांचाही त्यात वाटा असतो.

तथापि नावाचीच जी गोष्ट आहे, ती मला अस्वस्थ करते. किंगफिशर एअरलाइन्सला कर्ज देताना बँकांनी जे तारण स्वीकारले, त्यात इमारतींबरोबर त्या कंपनीचा ब्रँडही होता आणि एके काळी त्याचे मोल सुमारे ४,००० कोटी रुपये ठरविण्यात आले होते. एप्रिल २०१६ मध्ये तोच ब्रँड, बोधचिन्हे आणि घोषवाक्यासह, ३६६.७० कोटींना लिलावात मांडला गेला, तेव्हा एकही बोली आली नाही. माझ्या मते ते नाव कोणा एका माणसाने घडवलेले नव्हतेच. २००५ पासून विमानात पाणी देणारे, सामान चढवणारे, तिकीट खिडकीवर उभे राहणारे आणि यंत्रे तपासणारे जे हजारो लोक होते, त्यांच्या रोजच्या कामामुळे प्रवाशांना ते ओळखीचे आणि भरवशाचे झाले. त्याच लोकांचे पगार २०१२ मध्ये महिनोन्‌महिने थकले, ते संपावर गेले आणि त्या ऑक्टोबरात विमाने जमिनीवर आली. नावावर कर्ज मिळाले, पण ज्यांच्या श्रमांनी नावाला किंमत आली होती, त्यांचा त्यावर काडीचाही हक्क नव्हता. हा अन्याय मला लिलावाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

मल्ल्या यांचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. आपण चोर नाही, मुद्दल फेडण्याची तयारी दाखवली होती, असे ते सांगत आले आहेत. बँकांनी देण्याहून अधिक वसुली केली, असाही त्यांचा दावा आहे. त्यांच्या मालमत्तेतून १४,००० कोटींहून अधिक रक्कम सरकारी बँकांना परत मिळाल्याचे अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. दुसरीकडे, जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केले आहे.

भिंतीपासून मी किनाऱ्यावर उतरलो. दर्याला अजून गढूळ रंग होता आणि शॅकवाले वासे-झावळ्या आणून टाकत होते. एका बाजूला जुन्या छत्र्या रचून ठेवल्या होत्या आणि त्यांवर किंगफिशर बिअरचा तोच निळा पक्षी होता. ती बिअर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजचे नियंत्रण २०२१ पासून हायनेकेन या डच कंपनीकडे आहे. छत्री उघडून तिची काडी तपासणाऱ्या मुलाला मी विचारले, तेव्हा छत्र्या कंपनीकडूनच येतात, एवढे त्याने सांगितले आणि तो पुढची छत्री उघडू लागला.